हातचा एक

मला बेरीज शिकवली ती त्यानेच.
एव्हारिस्तो नोगेइरा, हिशेबनीस,
दोरू नदीवरच्या सार्मेंतोंच्या मळ्यावर अकरा वर्षं.
अंजीर असं सोलायचा की साल एका तुकड्यात उतरे,
आणि द्यायचा मालकांच्या मुलीला. दुसरं मला.
'आठ आणि पाच तेरा. तीन लिही.
हातचा एक. तो कुणाला दाखवायचा नाही,
पण विसरायचाही नाही.'
मी बोटं मिटून घ्यायचो.
खरंच वाटायचं, मुठीत काहीतरी आहे.

त्याच्या मुठीत काय होतं ते मला कळलं नाही.
मालकांना कळत आलं होतं.
दोन वह्या शेजारी ठेवून बेल्मिरो सार्मेंतो
दिवा विझेपर्यंत बसत,
आणि पोर्तोहून शनिवारी एक तपासनीस यायचा होता.

घाई? छे. घाई भुरटे करतात.
त्याने ऑगस्टातच एक वाक्य पेरलं होतं:
'खालच्या हौदाचा तळ पाझरतोय, साहेब.'
एकदा जेवताना. पंधरा दिवसांनी पुन्हा,
सहज, टोपी झटकता झटकता.
मग गप्प. मुरू दिलं.
इतका गप्प, की शेवटी मालकच म्हणाले,
एकदा उतरून बघायलाच हवं.

सप्टेंबरात रस उकळतो, विस्तवाशिवाय.
हौद उपसला तरी तळाशी काहीतरी राहतं,
त्याला रंग नाही,
आणि ते उठून जात नाही.
म्हणून आमच्याकडे आधी मेणबत्ती सोडतात, दोरीला बांधून.
ज्योत जगली तर माणूस उतरतो.

'मी पहाटेच सोडून पाहिली,' एव्हारिस्तो म्हणाला,
'पाव तास जळत होती.'

शिडी मी धरली होती.
सहावी पायरी. सातवी.
मालकांनी वर पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं.
पुढचं एवढंच सांगता येतं:
शिडी हलकी झाली.

रडला तो. चांगला रडला.
शवपेटीच्या सुताराशी घासाघीस करून वीस एस्कुदो वाचवले,
शिपायाला खुर्ची दिली, पाद्रीबाबांना घोडा पाठवला.
मला म्हणाला, 'तुझा काही दोष नाही,'
इतक्यांदा म्हणाला
की लोक माझ्याकडे बघू लागले. मीही.
केसाने गळा कापतात म्हणतात;
त्याने केससुद्धा दुसऱ्याचा वापरला.

रात्री लिओकादियाबाई स्वतः दुकानात गेल्या.
घरातल्या सगळ्या मेणबत्त्या जत्रेला देवळात दिलेल्या,
आणि उशाशी लावायला चार तरी हव्या होत्या.
तिबुर्सियो दुकानदार मान खाली घालून म्हणाला,
'लाज वाटते, बाई. रविवारपासून एकही नाही.
होडीच आली नाही.'

बाई परत आल्या त्या सरळ हिशेबाच्या खोलीत.
वही उघडी. शाई वाळलेली. अक्षर नेहमीसारखं, मोत्याचं.
गुरुवार.
'मेणबत्ती, एक, हवा तपासण्यासाठी, दुकानातून.
चाळीस सेंताव्हो.'

अकरा वर्षांची सवय:
न घेतलेली वस्तू लिहायची, पैसे खिशात.
माणूस मारतानाही
त्याला ते चाळीस सेंताव्हो सोडवले नाहीत.

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं.
'कुठली मेणबत्ती?'
तो हसला. त्याच्याकडे उत्तर होतं, नेहमीच असायचं.
तोंड उघडलं,
आणि मग माझ्याकडे पाहिलं,
बेरीज चुकलेलं पोर मास्तरांकडे पाहतं तसं.

त्याला खाली नदीकडे नेलं. पुढचं मला ठाऊक नाही.
त्या वर्षीची वाइन उत्तम निघाली.
चढ्या भावाने इंग्लंडला गेली.
तिथे कुणी पेला उजेडात धरून रंगाचं कौतुक केलं असेल.

आता हिशेब मी लिहितो. तीच खोली.
वहीत खाडाखोड नाही, खिशात सेंताव्हो नाही.
तरी आठ आणि पाच तेरा,
तीन लिहितो, आणि मूठ आपोआप मिटते,
आणि कधी कधी तिच्यात
शिडीचा दांडा असतो.
हलका.